पहिल्या मजल्यावरच्या जुन्या फ्लॅटचं डेंटल क्लिनिक करायचं आहे: फरशीखालचे पाइप, वजन, परवानग्या

पार्लेदंत

नमस्कार. विलेपार्ले पूर्वेला १९७८ सालची, तळ अधिक चार मजल्यांची आरसीसी इमारत आहे, लिफ्ट आहे. पहिल्या मजल्यावरचा वन बीएचके घेऊन दोन खुर्च्यांचं क्लिनिक करते आहे. खाली कापडाचं दुकान आहे.

मापं अशी: हॉल १० बाय १६, बेडरूम १० बाय ११, किचन ८ बाय ९. संडास आणि मोरी वेगवेगळी, मोरी ४ बाय ५. मोरीची एक भिंत बेडरूमला लागून आहे. पहिली खुर्ची बेडरूममध्ये, दुसरी हॉलच्या बाल्कनीकडच्या टोकाला, किचनमध्ये स्टरिलायझेशन आणि हॉलचं दाराकडचं टोक वेटिंगला, असा विचार आहे. भिंतीवरचं इंट्राओरल (एकेका दाताचा फोटो काढणारं) एक्स-रे मशीन आणि आरव्हीजी (तो फोटो कॉम्प्युटरवर दाखवणारा सेन्सर) आत्ताच, ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) पुढे कधीतरी.

अडलंय ते इथे. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो लादी फोडून तिच्याखालच्या बेडमध्ये (भरावाच्या थरात) पाइप बसवू, उंची वाढणार नाही. दुसरा म्हणतो आहे त्या लादीवर सहा इंच ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) टाकून सगळी फरशी वर घेऊ. कंप्रेसर मोरीवरच्या माळ्यावर ठेवायचा, यावर मात्र दोघांचं एकमत आहे. काय बरोबर? आणि सोसायटी, महापालिका यांच्याकडून नेमकं काय काय लागेल?

---

ढाळवाला

मॅडम, दोघांचंही ऐकू नका. आधी खुर्च्यांची जागा पक्की करा, कारण बाकी सगळं त्यावरून ठरतं. फरशीखाली जे गेलं ते पुढची पंधरा वर्षं तिथेच राहणार. लॅमिनेट आणि फॉल्स सीलिंग नंतर कधीही बदलता येतं.

हिशोब बघा. थुंकपात्राचा निचरा ४० मिमी पाइपने जातो. त्यात नुसतं पाणी नसतं. रक्त, लाळ, सिमेंटचा गाळ, अल्जिनेटचे (दातांचा साचा घ्यायच्या पदार्थाचे) तुकडे असतात. ढाळ ६० ला १ पेक्षा कमी ठेवला की गाळ तळाशी बसतो आणि काही महिन्यांत वास मारायला लागतो. तुमची दुसरी खुर्ची बाल्कनीकडे ठेवली तर मोरीपर्यंतची वाट साधारण ७ मीटर. म्हणजे नुसता ढाळच ११७ मिमी. त्यात पाइपचे ४०, वरच्या कोब्याचे ४० आणि टाइलचे १० मिळवा: २०७ मिमी. जवळपास सव्वाआठ इंच. एवढी उंची तुम्हाला परवडणार नाही.

म्हणून दोन्ही खुर्च्या हॉल आणि बेडरूममधल्या सामाईक भिंतीच्या दोन बाजूंना घ्या. मग पहिल्या खुर्चीपासून मोरी साधारण साडेतीन मीटर आणि दुसरीपासून साडेचार मीटर येईल. साडेचार मीटरला ढाळ ७५ मिमी. ४० + ७५ + ४० + १० = १६५ मिमी. हे जमण्यासारखं आहे.

पहिला कॉन्ट्रॅक्टर म्हणतो ते का जमत नाही, तेही यातच आलं. त्या काळातल्या इमारतींत लादी आणि तिचा बेड मिळून साधारण ८० मिमी असतो. १६५ त्यात बसत नाहीत. बसवायचेच म्हटलं की मग मिस्त्री स्लॅबला खाच मारतो. स्लॅबला छिन्नी लावू देऊ नका, अर्धा इंचही नाही. बीमजवळ स्लॅबची सळई वरच्या अंगाला असते, खाच बरोबर तिथेच पडते. नाहीतर तो ढाळ चोरतो, आणि ते लादी बसल्यावर कोणालाच दिसत नाही.

दुसऱ्याचा कोबा वजनामुळे बाद. सहा इंच ब्रिकबॅट म्हणजे चौरस मीटरला पावणेतीनशे किलोच्या वर. घरगुती स्लॅबवर माणसं, सामान वगैरेंसाठी धरलेला भार आयएस ८७५ (इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक) प्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलो. म्हणजे खुर्ची यायच्या आधीच तो सगळा भार भरावानेच खाल्ला, वर आणखी ऐंशी झाले. दोन खोल्यांच्या पंचवीस चौरस मीटरमध्ये हे सात टनांच्या आसपास जातं. खाली कापडाचं दुकान आहे, हे विसरू नका.

मार्ग असा. जुनी लादी आणि बेड स्लॅबपर्यंत काढा, सगळा मलबा बाहेर. चौरस मीटरला साधारण १६० किलो उतरले. मग पाइप टाका, मधल्या जागेत सिपोरेक्सचे (हलक्या, सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकचे) तुकडे भरा (घनमीटरला सहाशे-सातशे किलो), वर ४० मिमी कोबा जाळीसकट आणि त्यावर टाइल. हे सगळं १७५-१८० किलोंत बसतं. जुन्या आणि नव्या वजनात फारसा फरक राहत नाही. तरीही स्ट्रक्चरल इंजिनियरने खालून स्लॅब बघितल्याशिवाय काम सुरू करू नका. दुकानदाराचं फॉल्स सीलिंग एका ठिकाणी उघडायला लावा. सळई फुगून कव्हर सुटलेलं दिसलं तर आधी ती दुरुस्ती.

फरशी मूळ पातळीपेक्षा ८५ मिमी वर येईल. दारात पायरी करू नका. १२ ला १ प्रमाणे एक मीटरभर लांबीचा उतार वेटिंगमध्येच बसतो. गुडघे धरून चालणारे आजी-आजोबा आणि व्हीलचेअर, दोन्हींची सोय होते. सगळ्या दारांच्या फ्रेम ८५ मिमीने वर घ्याव्या लागतील, ते कोटेशनमध्ये आत्ताच लिहून घ्या.

---

यंत्रसेवा

ढाळवाल्यांचं खुर्च्यांबद्दलचं म्हणणं अगदी योग्य आहे. माळ्यावरच्या कंप्रेसरबद्दल मी लिहितो.

माळा नको. जुन्या फ्लॅटमधल्या माळ्याचा स्लॅब पातळ असतो, वर हवा खेळत नाही, आणि मे महिन्यात तिथलं तापमान कंप्रेसरला मारतं. ऑइल-फ्री कंप्रेसरचे पिस्टन रिंग उष्णतेनेच लवकर जातात. शिवाय रोजचं पाणी काढायला शिडी लावून कोणी चढत नाही.

हे पाणी किती निघतं बघा. पावसाळ्यात मुंबईच्या एक घनमीटर हवेत २५ ग्रॅमच्या आसपास बाष्प असतं. दोन खुर्च्यांचा कंप्रेसर मिनिटाला १०० लिटर हवा घेत दिवसात एकूण तीन तास चालला, तर १८ घनमीटर हवा आत गेली, म्हणजे साडेचारशे ग्रॅम पाणी. दाबाखाली हवा त्यातलं फारच थोडं धरून ठेवते. उरलेलं, म्हणजे चारशे मिलिलिटरच्या आसपास, टाकीत आणि पाइपात पडतं. हेच पाणी थ्री-वे सिरिंजमधून (हवा-पाणी मारायच्या नळीतून) दातावर येतं, बाँडिंग धरत नाही, आणि डॉक्टर दोष देतात कंपोझिटला (दातात भरायच्या मसाल्याला). कंप्रेसर घेताना ड्रायर आणि ऑटो ड्रेन सोबतच घ्या. नंतर घेऊ म्हटलं की पहिला पावसाळा त्याच्याविनाच जातो.

मॅडम, तुमची मोरी हीच यंत्रांची खोली करा. तिथे निचरा आहे, पाणी आहे, बाहेर उघडणारी खिडकी आहे, आणि सगळे पाइप तसेही तिकडेच येणार आहेत. कंप्रेसर दोन एचपी, ५० ते ६० लिटर टाकीचा, खाली जाड रबरी पॅड, आणि पाइपला जोडताना अर्धा मीटर लवचिक होज. हा होज विसरला की कंपन तांब्याच्या पाइपातून खालच्या दुकानात ऐकू जातं. दाराला गास्केट लावा, पण हवा आत यायला जाळी ठेवा आणि खिडकीत एक्झॉस्ट पंखा. मोरीचं वॉटरप्रूफिंग मात्र नव्याने करावंच लागेल. तिथला स्लॅब खाली घेतलेला असतो, आत जुना भराव, आणि १९७८ च्या वॉटरप्रूफिंगवर आता भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

सक्शन मोटरवालंच घ्या. खुर्चीबरोबर येणारं हवेवर चालणारं सक्शन कंप्रेसरची निम्मी हवा खातं. मोठ्या सक्शनला टोकाशी मिनिटाला अडीचशे ते तीनशे लिटर ओढ हवी, ती एरोसोल धरण्यासाठी. सक्शनची मुख्य लाइन ५० मिमी, खुर्चीकडची फांदी ४० मिमी, मोटरकडे १०० ला १ ढाळ. ९० अंशाचा एल्बो कुठेही नको, दोन ४५ चे जोडा. मधे कुठेही पाइप वर जाऊन खाली आला तर त्या खळग्यात पाणी साठतं आणि ओढ मरते. मोटरचा धूर-वारा बाहेर सोडताना इमारतीच्या डक्टमध्ये (पाइपांसाठीच्या उभ्या मोकळ्या जागेत) सोडू नका, त्याच डक्टमध्ये वरच्या घरांच्या खिडक्या उघडतात. आणि सक्शनची लाइन ब्लीचने धुऊ नका. फेस होतो, मोटरचा धातू खातो. त्यासाठीचं फेस न होणारं द्रावण मिळतं, ते रोज संध्याकाळी.

प्रत्येक खुर्चीच्या जंक्शन बॉक्समध्ये जमिनीतून काय काय वर यावं: पाणी १५ मिमी सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिक पाइप), हवा १० मिमी, निचरा ४०, सक्शन ४०, विजेची २५ मिमी नळी, आणि डेटासाठी वेगळी २५ मिमी नळी. हवा आणि पाणी दोन्हींना बॉक्सच्या आत स्वतंत्र बंद करायचा व्हॉल्व्ह. बॉक्सची जागा कंपनीच्या टेम्प्लेटवरून घ्या, कॅटलॉगच्या चित्रावरून नाही. मॉडेल ठरल्याशिवाय फरशी बंद करू नका. दोन कंपन्यांच्या बॉक्सच्या जागेत एक फुटाचाही फरक असतो आणि मग खुर्ची भिंतीवर आदळते.

पाण्याचा दाबही मोजा. गच्चीवरच्या टाकीपासून पहिला मजला साधारण १३ मीटर खाली, म्हणजे दाब १.३ बार. बहुतेक खुर्च्यांना २ ते ४ बार लागतो. सोसायटीच्या लाइनला थेट पंप लावू नका, वरच्या मजल्यांचं पाणी ओढलं जातं आणि भांडण होतं. मोरीत स्वतःची छोटी टाकी आणि त्यावर अर्धा एचपीचा प्रेशर पंप. हँडपीसचं (दात कोरायच्या यंत्राचं) पाणी मात्र नळाचं नकोच, खुर्चीवरच्या बाटलीतलं, आणि दर पेशंटनंतर २०-३० सेकंद वाहू द्यायचं.

विजेचा भार, मोटामोटी: दोन एसी ३.२ किलोवॅट, कंप्रेसर १.५, सक्शन १.१, ऑटोक्लेव्ह २.२, दोन खुर्च्या १.२, एक्स-रे १.२, पंप ०.४, दिवे-कॉम्प्युटर ०.८, अल्ट्रासोनिक वगैरे ०.४. बेरीज १२ किलोवॅट. जुन्या घरगुती मीटरवर आणि त्या वायरिंगवर हे चालणार नाही. थ्री-फेज मागा. कंप्रेसर आणि ऑटोक्लेव्ह एकाच फेजवर ठेवू नका, नाहीतर दुपारी दोन्ही एकदम चालू झाले की एमसीबी पडतो.

अर्थिंग नव्याने तपासा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर आरव्हीजीच्या चित्रात रेघा येतात आणि लोक सेन्सर बदलत बसतात. आरव्हीजीची यूएसबी वायर ५ मीटरच्या पुढे खेचू नका, म्हणजे कॉम्प्युटर खुर्चीजवळच हवा.

---

नकाशा_दादर

परवानग्यांचं थोडक्यात.

सगळ्यात आधी मालकीचा आणि वापराचा प्रश्न. फ्लॅट निवासी आहे. डीसीपीआर २०३४ (मुंबईची विकास नियंत्रण नियमावली) खाली तुमच्या इमारतीत, तुमच्या मजल्यावर दवाखाना चालेल का, हे लायसन्स्ड आर्किटेक्टकडून मंजूर नकाशा बघून लेखी घ्या. करार रजिस्टर करायच्या आधी हे करा. मग सोसायटीची एनओसी, आणि त्यात मोघम 'दवाखाना' लिहू नका. दोन डेंटल खुर्च्या, कंप्रेसर, एक्स-रे, पाइपची जागा, बाहेरच्या भिंतीवर बसणारे एसी, कामाच्या वेळा, सगळं लिहा. पुढे कमिटी बदलते, तेव्हा हा कागदच उपयोगी पडतो.

आतल्या बदलांसाठी आणि वापर बदलण्यासाठी मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३४२ खाली नोटीस आर्किटेक्टमार्फत जाते. इमारत तीस वर्षांच्या पुढची, त्यामुळे कलम ३५३ ब प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं असायलाच हवं. सोसायटीकडे तो अहवाल मागा. देत नसतील तर तीच धोक्याची खूण समजा. मलबा गोण्यांत भरून रस्त्याच्या कडेला ठेवू नका, महापालिकेकडे शुल्क भरून उचलायची सोय आहे.

वीज: निवासी मीटरवर दवाखाना चालवला तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते, तीही मागच्या काळासकट. अर्जात वापर स्पष्ट 'डेंटल क्लिनिक' लिहा.

एक्स-रे: एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) ई-लोरा पोर्टलवर आधी नोंदणी, मग मशीन. मशीन टाइप अप्रूव्हल (त्या मॉडेलला मंडळाची मंजुरी) असलेलंच घ्या, बिलावरचा मॉडेल नंबर पोर्टलवर जुळवून बघा. जुनं मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका, कागद नसतील तर ते नावावर चढतच नाही. साध्या इंट्राओरलला वेगळी खोली लागत नाही, पण एक्स-रे काढणारा किमान २ मीटर लांब उभा राहील अशी जागा आणि तेवढी लांब वायर हवी. दर दोन वर्षांनी क्यूए (मशीनची गुणवत्ता तपासणी). ओपीजीचं मात्र आत्ताच नकाशात धरा. नऊ इंची विटांची भिंत असलेला कोपरा त्याच्यासाठी राखून ठेवा. जिप्सम पार्टिशनमागे ओपीजी ठेवायचा तर शिशाचा पत्रा लागतो, आणि तो नंतर बसवणं म्हणजे भिंत पुन्हा उघडणं.

जैववैद्यकीय कचरा: २०१६ च्या नियमांखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र आणि सामाईक प्रक्रिया केंद्राशी करार. खाटा नसलेल्या दवाखान्याला प्राधिकारपत्र एकदाच घ्यावं लागतं. रक्ताचा कापूस, गॉज, काढलेले दात पिवळ्या पिशवीत. हातमोजे, सक्शन टिप, सुई काढलेली सिरिंज लालमध्ये. सुया, ब्लेड, बर, फाइल पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या, कार्ट्रिज निळ्यात. ज्या दातात चांदी भरलेली आहे तो पिवळ्यात टाकू नका. तो भट्टीत गेला की पारा हवेत जातो. अमाल्गमचे (चांदी-पाऱ्याच्या त्या भरणाचे) तुकडे झाकणबंद बरणीत पाण्याखाली वेगळे ठेवा. ४८ तासांच्या वर कचरा साठवता येत नाही, म्हणून डब्यांची जागा किचनच्या 'घाण' बाजूला, पेशंटच्या वाटेवर नाही.

---

निर्जंतुक

किचनबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. क्लिनिक खरं तर त्या ओट्यावरच चालतं.

वस्तू एकाच दिशेने सरकली पाहिजे: खरकटी हत्यारं येतात, भिजवणं, अल्ट्रासोनिक, धुणं, वाळवणं, पाकिटात भरणं, ऑटोक्लेव्ह, कपाट. उलट एकदाही नाही. त्यासाठी सलग आठ फूट ओटा लागतो. तुमचं किचन ८ बाय ९, म्हणजे एका लांब भिंतीवर जमेल. दोन सिंक हवीत, एक हत्यारांचं आणि एक हात धुवायचं. हत्यारांचं सिंक खोल घ्या, उथळ सिंकमध्ये पाणी उडतं.

सुतार ओटा सवयीने २४ इंच खोल करतो. २३ लिटरचा क्लास बी ऑटोक्लेव्ह (वाफेने हत्यारं निर्जंतुक करणारं यंत्र) त्यावर बसत नाही. मशीनच दोन फुटांच्या आसपास किंवा जास्त खोल, मागे हवेसाठी जागा, आणि पुढे दार उघडून ट्रे बाहेर ओढायचा. निदान त्या तीन फुटांत ओटा २८ इंच करा. वर थेट लाकडी कपाट नको. दार उघडलं की वाफ सरळ वर जाते आणि सहा महिन्यांत लॅमिनेट फुगून सुटतं. वरती उघडी जागा किंवा स्टीलची फळी, आणि त्याच भिंतीत एक्झॉस्ट. ऑटोक्लेव्हचं गरम पाणी साध्या पीव्हीसी पाइपात सोडू नका, मऊ होऊन लोंबतो, सीपीव्हीसी वापरा.

एक सायकल, वाळवण्यासकट, ४० ते ५० मिनिटांची. १३४ अंशाला नुसता धरून ठेवायचा वेळ साडेतीन-चार मिनिटांचा असतो, पण लोक तेवढाच मोजतात आणि मग हँडपीस कमी पडतात. दोन खुर्च्यांना किमान सहा एअररोटर (हवेवर फिरणारे हँडपीस) धरा. पाणी डिस्टिल्डच, कंडक्टिव्हिटी १५ मायक्रोसीमेन्सच्या खाली. एकदा टँकरचं पाणी भरलं की चेंबरवर पांढरे डाग धरतात आणि सेन्सर चुकीचं दाखवू लागतो. हेलिक्स टेस्ट आणि आठवड्याला स्पोअर टेस्ट (वाफ आतपर्यंत पोचते का आणि जंतू मरतात का, या चाचण्या) यांची वही ओट्याशेजारीच टांगा.

आणि प्लास्टरच्या सिंकखाली प्लास्टर ट्रॅप (प्लास्टरचा गाळ अडवणारा डबा). हा एक डबा नसला की सगळ्या इमारतीची लाइन तुमच्या नावाने तुंबते.

---

हिंदमाता_गाळा

माझाही प्रश्न इथेच विचारतो. हिंदमाताजवळ तळमजल्याचा गाळा आहे, क्लिनिकच करायचं आहे. रस्ता वर्षानुवर्षं उंच होत गेला आणि गाळ्याचं जोतं आता रस्त्याच्या जेमतेम वर आहे. जमीन खणायला काही अडचण नाही, खाली मातीच आहे. काय सांभाळू?

---

ढाळवाला

तुमच्याकडे वजनाची चिंता नाही, पण पाणी दारातून यायच्या आधी थुंकपात्रातून आणि सिंकमधून येतं. चेंबर भरला की उलटा प्रवाह. म्हणून चेंबरला जोडायच्या आधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आणि तो उघडून साफ करता येईल असं झाकण. खोल खणून जास्त ढाळ घेण्याचा मोह टाळा, पाइप चेंबरच्या पातळीच्या खाली गेला की पाणी कधीच निघणार नाही. उलट फरशी जमेल तेवढी वर घ्या.

कंप्रेसर आणि सक्शन अडीच फूट लोखंडी स्टँडवर. सगळे सॉकेट आणि डीबी (विजेचा मुख्य बोर्ड) चार फुटांच्या वर. खुर्चीच्या बुडातच ट्रान्सफॉर्मर आणि बोर्ड असतात, ते उचलता येत नाहीत, म्हणून खुर्चीच्या लाइनला डीबीत स्वतंत्र आयसोलेटर ठेवा आणि पावसाचा इशारा असेल त्या रात्री तो बंद करून जा. दाराच्या दोन्ही बाजूंना चॅनल बसवा, त्यात रबर लावलेली दोन फुटी अल्युमिनियमची फळी सरकवायची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला होता. तसल्या पावसाला फळी पुरणार नाही, पण दरवर्षीच्या गुडघाभर पाण्याला पुरते.

रॅम्प फुटपाथवर पक्का बांधू नका, महापालिका तोडते. उचलून आत घेता येईल असा चेकर्ड प्लेटचा करा.

---

पार्लेदंत

सगळ्यांचे मनापासून आभार. खुर्च्या सामाईक भिंतीला घेते, मोरी यंत्रांना. आणखी दोन गोष्टी. सामाईक भिंत साडेचार इंची विटांची आहे, तिच्यावरच एक्स-रे मशीनचा हात (हलता दांडा) बसवला तर चालेल का, म्हणजे दोन्ही खुर्च्यांना एकच मशीन पुरेल? आणि एसी असताना वेगळा एक्झॉस्ट खरंच लागतो का?

---

यंत्रसेवा

एसीचं आधी. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, एरोसोल बाहेर काढत नाही. बेडरूम १० बाय ११ आणि उंची ९ फूट म्हणजे ९९० घनफूट. तासाला बारा वेळा हवा बदलायची तर मिनिटाला साधारण २०० घनफूट, म्हणजे तासाला ३४० घनमीटर. आठ इंची पंखा हे आरामात करतो. तो पेशंटच्या पायाकडे नको; डोक्याच्या बाजूला, खालच्या उंचीवर, म्हणजे हवा डॉक्टरच्या तोंडावरून न जाता तिकडे खेचली जाईल. दाराखाली २० मिमी फट ठेवा, नाहीतर पंखा फिरतो पण हवा हलत नाही. हॉलमधल्या दुसऱ्या खोलीलाही हेच. तिथे बाहेरची भिंत नसेल तर फॉल्स सीलिंगमधून सहा इंची डक्ट बाल्कनीकडे काढा, आणि पंखा इनलाइन (डक्टच्या आतच बसणारा) घ्या.

एकच मशीन दोन खोल्यांना द्यायचं तर भिंतीला आरपार खिडकी ठेवावी लागेल. मग आवाज, पेशंटची खाजगी गोष्ट आणि एक्स-रेच्या वेळी पलीकडे बसलेला माणूस, तिन्ही प्रश्न एकदम. ती भिंत साडेचार इंची आहे, तिच्यात भोक पाडून ती आणखी कमजोर करू नका. दोन मशीन घ्या, किंवा एकच पहिल्या खोलीत ठेवून पेशंटला तिकडे न्या.

हाताबद्दल: मशीनचं वजन पंचवीस-तीस किलो दिसतं, पण हात पूर्ण ताणला की ते वजन भिंतीपासून दीड-पावणेदोन मीटर लांब लटकतं. वरचा बोल्ट बाहेर ओढला जातो. जुन्या विटांत साधा फास्टनर ठोकला तर वीट भुगा होऊन तो सैल पडतो, आणि हात जागेवर न थांबता हळूहळू खाली येतो, म्हणून एक्स-रे हलतात. त्या भिंतीला बोल्ट आरपार घ्या, पलीकडे ६ मिमी जाडीची, फूटभर चौकोनी लोखंडी प्लेट, वर प्लास्टर. किंवा त्याहून बरं, खोलीच्या कोपऱ्यातला आरसीसी कॉलम गाठा. तिथे केमिकल अँकर (रसायनाने भोकात चिकटवलेला बोल्ट) चांगला धरतो, फक्त भोक पाडायच्या आधी सळई शोधायचं यंत्र फिरवा.

---

ढाळवाला

आणि मॅडम, फरशी बंद करण्याआधी हे करून घ्या. पाण्याची आणि हवेची लाइन ७ बारला भरून रात्रभर सोडा, सकाळी काटा जिथल्या तिथे हवा. निचऱ्याचं मोरीतलं तोंड फुगवायचा रबरी बॉल लावून बंद करा, खुर्चीपर्यंत पाणी भरा आणि २४ तास पातळी बघा. त्या वेळी खालच्या दुकानदाराला वर बघायला सांगा, आधी सांगून. सगळं सुकं असेल तर प्रत्येक पाइपशेजारी टेप ताणून, भिंतीपासूनचं अंतर दिसेल असे फोटो काढा. मिस्त्री सिपोरेक्स भरायला त्याच दिवशी घाई करेल, त्याला त्या दिवशी थांबवा.